कानस बाहेर ठेवून

माझ्या मामाला बसता येत नाही. म्हणजे गुडघे चांगले आहेत, कंबर चांगली आहे, फक्त बूड टेकत नाही. जेवताना तो ताटाभोवतीचं पाणी बोटाने पुसत राहतो. टीव्ही बघताना रिमोटची झाकणी उघडून सेल फिरवतो. घरातल्या चारही खुर्च्यांचे पाय त्याने इतक्या वेळा घासून सारखे केलेत की आता त्या टेबलाला पुरत नाहीत. मामी म्हणते, "लग्नात फोटोवाल्याने तीनदा सांगितलं, हलू नका. अल्बम बघ, सगळीकडे नवरीमुलगी आणि शेजारी धुकं."

या माणसाचा धंदा नालबंदाचा. घोड्याच्या पायाला नाल ठोकायचे, पाच-सहा आठवड्यांनी काढायचे, वाढलेला खूर सुरीने तासायचा, कानशीने सपाट करायचा, पुन्हा ठोकायचे. बाप हेच करत होता. हाताला सतत काम आणि समोर सतत नवा पाय, म्हणून मामाला हा धंदा मानवला.

ही गोष्ट एका घोडीची आहे, आणि तिच्यापायी मामाने काय केलं त्याची.

शहराच्या कडेला एक घोडेस्वारीची शाळा आहे. मोठं वाळूचं रिंगण, पत्र्याचा लांब तबेला आणि फाटकापासून तबेल्यापर्यंत खडीचा रस्ता. तिथे एक तांबूस घोडी होती. तिचं कागदावरचं नाव कुणालाच आठवत नव्हतं, सगळे तिला बाईसाहेब म्हणायचे. बादलीत एक काडी पडली तरी पाणी प्यायची नाही. पण पाठीवर लहान मूल बसलं की काचेचं भांडं उचलल्यासारखी चालायची. पहिल्यांदा घोड्यावर बसणारं प्रत्येक मूल तिच्यावर बसून शिकलं होतं. ती तीन वर्षांची असताना तिच्या पायात पहिला नाल मामानेच ठोकला. त्याला अकरा वर्षं झाली.

बाराव्या वर्षी नाल टिकेनात. महिन्यात तीनदा पुढच्या डाव्या पायाचा नाल निघाला, आणि तिसऱ्यांदा निघाला तो खुराच्या कडेचा टवका घेऊनच. मामाने पाय मांडीवर घेतला. जुन्या खिळ्यांच्या भोकांनी कड चाळणीसारखी झालेली. नवा खिळा मारायला बोटभर जागा नाही.

"आता?" शाळेच्या मॅडमनी विचारलं. त्या उंच, कमी बोलणाऱ्या बाई. केस कायम टोपीत.

"आता नाल नाही," मामा म्हणाला. "चारही काढायचे. अनवाणी चालवायची. खूर वरून नवा येतो, नखासारखा. भोकं खाली सरकत सरकत जातात."

"किती दिवस?"

"पूर्ण यायला वर्ष लागेल."

"वर्ष उभी घोडी मी नाही सांभाळू शकत. जनावरांच्या डॉक्टरही म्हणाल्या, तळवा पातळ झालाय, वेळ लागेल. पण तबेल्यात घोडे बांधायला आठच खण आहेत." मॅडमनी रस्त्याकडे बघितलं. "बारा आठवडे. बाराव्या आठवड्याच्या शनिवारी ती या खडीवरून फाटकापर्यंत जाऊन परत यायला हवी. नाही आली तर व्यापाऱ्याला फोन करीन. मलाही बरं वाटणार नाही, पण करीन."

व्यापारी चौदा वर्षांची लंगडी घोडी कशासाठी नेतो, हे तिथे कुणी बोललं नाही.

मामाने खिळ्यांची वळलेली टोकं सरळ केली, पकडीने एकेक नाल उचकटला, कड गोल केली. बाईसाहेबांनी पाय खाली टेकला आणि लगेच उचलला. दुसरा टेकला, तोही उचलला. तव्यावर उभं केल्यासारखी ती जागच्या जागी पाय बदलत राहिली. तबेल्यातले मोतद्दारकाका तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मामापेक्षा दहा वर्षांनी मोठे, घोड्यांचं खाणंपिणं, खरारा सगळं त्यांच्याकडे.

"उस्ताद, हिला दुखतंय," ते म्हणाले.

"दुखणारच. अकरा वर्षं बूट घालून हिंडलेल्या माणसाला दगडांत सोडलं तर काय होईल?" मामाने हत्यारं पुसली आणि नियम सांगितले. धान्य बंद, गोड काही नाही, नुसतं वाळलेलं गवत. रोज चालवायचं, आधी वाळूवर, मग मातीवर, शेवटी खडीवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं. "सहा आठवडे खुराला कुणी हत्यार लावायचं नाही. तळव्यावर जाड थर धरू द्यायचा. तो थर हाच तिचा नवा नाल. खरवडला तर संपलं."

"कोण लावणार हत्यार?" काका म्हणाले. "आमच्याकडे आहे ते एक खोरं."

मामी घरी दप्तरं शिवते. मामाने तिला कागदावर खुराचा आकार काढून दिला. "याला मोजे हवेत. वर जाड कापड, खाली रबर. खडीच्या कडेने जाताना घालता येतील असे."

"घोडीला मोजे," मामी म्हणाली. "मला अजून स्वेटर नाही आणलात."

पण तिने शिवले. बालवाडीच्या दप्तरांचं उरलेलं कापड होतं, त्यावर निळे ससे. खाली जुन्या टायरचा तुकडा, वर चिकटपट्टी. बाईसाहेबांनी ते हुंगून बघितले, नाकपुड्या फुगवल्या आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मात्र ते पायात घालून त्या रिंगणाला दोन चकरा मारून आल्या. मुलं कठड्याला लटकून हसत होती.

मग सुरू झालं वाट बघणं. आणि वाट बघणं हे मामाच्या कुंडलीत नाही.

खूर महिन्याला बोटाच्या पेराच्या निम्म्याने वाढतो. मामाने केसांच्या रेषेखाली कानशीने एक बारीक खूण केली होती, ती किती खाली सरकली हे तो मोजपट्टीने बघायचा. आधी दर रविवारी, मग बुधवारीही. मग दुसऱ्या कामावरून येताजाता. घरी आला की म्हणायचा, "सरकलीच नाही."

"सकाळी बघितलं होतंत ना?" मामी.

"हो."

"मग संध्याकाळपर्यंत काय तिने धावत यायचं? पी हळद नि हो गोरी."

रात्रभर कूस बदलायचा. मामीने शेवटी दोघांच्या मध्ये लोड ठेवला. मी सुट्टीत गेले होते तेव्हा सकाळी सहाला अंगणात टक टक आवाज. बघते तर मामा फरशीच्या निसटलेल्या तुकड्याला उगाच हातोडीने दाबत होता. मला म्हणाला, "तुझ्या परीक्षेच्या निकालाला किती दिवस लागतात गं?"

"दोन महिने."

"आणि तू काय करतेस दोन महिने?"

"काही नाही. झोपते."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी पाण्यावर चालून दाखवलं होतं.

गोष्ट तरी पुढे सरकत होती. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घोडी वाळूवर मोज्यांशिवाय चालली. मोतद्दारकाकांची एक पद्धत होती. तिच्या खणाच्या दाराच्या आतल्या बाजूला ते रोज खडूने एक रेघ मारायचे. नीट चालली तर उभी, लंगडली तर तिरकी. कुणाला दाखवायला नाही, त्यांच्याच समाधानासाठी. तिसऱ्या आठवड्यात उभ्या रेघा जास्त झाल्या. सोमवारी एकदम तिरकी आली. शनिवारपर्यंत पुन्हा उभ्या. सोमवारी पुन्हा तिरकी.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, मामा तबेल्यात पोचला तर बाईसाहेब साध्या मातीवर डोकं खालीवर करत चालत होत्या.

"परवा तर चांगली होती."

"परवा होती," काका म्हणाले.

"मग घोडं कुठे पेंड खातंय? दादा, खरं सांगा. काय घालताय तिला?"

"गवत."

"नुसतं?"

"नुसतं."

"रविवारी मुलांचे आईबाप येतात. गाजरं आणतात, गुळाचे खडे आणतात. तुम्ही मऊ मनाचे. कुणी दिलं तर नाही म्हणत नाही. गोड खाल्लं की पाय पेटतात, हे मी तुम्हाला सांगायचं?"

काकांनी खरारा हातातून खाली ठेवला. "उस्ताद, तीस वर्षं झाली मला या कामात. मी चोरून खाऊ घालतो असं म्हणताय?"

"मग लंगडते कशी? हवेने?"

"ते तुम्हाला माहीत. तुम्ही उस्ताद." त्यानंतर काका मामाशी बोलेनासे झाले. काही सांगायचं असलं तर घोडीला सांगायचे. "बाईसाहेब, त्यांना म्हणावं बादली ओलांडून जा, सांडेल."

मामाने मग मोज्यांवर संशय घेतला. "टायरला कंगोरे आहेत. बोचत असणार."

"माझी दप्तरं तीन-तीन वर्षं पोरं आपटतात," मामी म्हणाली, "एक टाका उसवत नाही. म्हणे बोचतं. नाचता येईना अंगण वाकडं." पण दुसऱ्या दिवशी ती स्वतः तबेल्यात गेली, मोजे तपासायला. टायर गुळगुळीत होता. टाके जागच्या जागी. मोजे खुंटीला लावताना तिचं लक्ष दाराच्या आतल्या बाजूला गेलं.

"काका, हे काय?"

"काही नाही. रेघोट्या."

मामीने आयुष्यभर कापडावर खडूने खुणा केल्यात. तिला रेघोटी आणि खूण यातला फरक कळतो. ती दारासमोर उभी राहिली आणि बोटाने मोजत गेली. सातव्या रेघेला तिरकी. पुन्हा सातव्या रेघेला तिरकी.

"ही तिरकी कोणता वार?"

काका घोडीच्या आयाळीत बघत म्हणाले, "सोमवार."

"आणि रविवारी काय होतं?"

"रविवारी बाईसाहेबांना भेटायला पाहुणे येतात," काका म्हणाले. "मला दुपारी घरी जायची सुट्टी असते. मी काही बघितलेलं नाही. मी कशाला कुणावर बोट ठेवू?"

मामी घरी आली आणि तिने मामाची रविवारची न धुतलेली विजार बाहेर काढली. उजव्या खिशाची शिवण बोटाने उलटी केली. आतून सालपटं पडली. पिवळट, चिवट, नखांच्या मोठ्या कापांसारखी. तिने ती एका बशीत गोळा केली आणि बशी चहाच्या कपाशेजारी ठेवली.

मामा आला. कप उचलला. बशी बघितली. कप खाली ठेवला.

"हे काय?" मामी.

"ते... इकडचं तिकडचं. दुसऱ्या घोड्यांचं."

"रविवारी तुम्ही एकाच ठिकाणी जाता."

मामा बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिला.

"सहा आठवडे हत्यार लावायचं नाही, हे कुणी सांगितलं होतं?"

"मीच."

"मग?"

"अगं, तासलं नाही. नुसती खपली निघत होती तळव्याची. सुटीच होती, लोंबत होती. तेवढी काढली. मग ती बाजू नीट दिसायला लागली, तर दुसरी ओबडधोबड दिसली. ती जराशी घासली. तळव्याला सुरी लावली नाही मी. म्हणजे लावली, पण दाबली नाही."

"दर रविवारी?"

"थोडं थोडंच."

"आणि लंगडते कधी?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामाने सालपटांपैकी एक उचललं, प्रकाशात धरलं. हाच तो थर, सात दिवस वाळूत चालून चालून घोडीने धरलेला. तिचा नवा नाल. दर आठवड्याला ती तो तयार करत होती आणि दर रविवारी हा तो खिशात घालून घरी आणत होता.

"सोमवारी," मामा म्हणाला.

"त्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही चोर म्हणालात. मला म्हणालात टाके बोचतात."

"हात थांबत नाही गं," मामा म्हणाला. "पाय मांडीवर आला की हात थांबत नाही. चाळीस वर्षं खूर दिसला की घासलाय. नुसतं बघायचं आणि खाली ठेवायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही."

मामी मला सांगताना म्हणाली, "मला ओरडायचं होतं, पण ते ज्या पद्धतीने त्या सालपटाकडे बघत होते ना, मग नाही ओरडले." तिने फक्त हात पुढे केला. मामाने पिशवी आणून दिली. सुरी, कानस, पक्कड, हातोडा. तिने ती शिलाई मशीनच्या पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. इतर घोड्यांच्या कामाला पिशवी मिळायची, संध्याकाळी परत जमा करायची. बाईसाहेबांकडे जाताना रिकाम्या हाताने जायचं.

दुसऱ्या दिवशी तो तबेल्यात गेला तेव्हा काका गवत पसरत होते.

"दादा, गुळाचं खोटं होतं," मामा म्हणाला. "मीच खरवडत होतो. दर रविवारी."

काकांनी गवताची पेंढी उचलली, झटकली, खाली ठेवली. मग घोडीकडे वळून म्हणाले, "बाईसाहेब, ऐकलंत का? त्यांना म्हणावं, आम्हाला माहीत होतं." आणि थोड्या वेळाने, घोडीकडे न बघता, "चहा घेणार का?"

सात आठवडे उरले होते. रिकाम्या हाताचा मामा म्हणजे काय हे मी त्या दिवसांत बघितलं. तो घोडीजवळ उभा राहायचा आणि हात कुठे ठेवायचे हे त्याला समजायचं नाही. खिशात घालायचा, काढायचा, मागे बांधायचा. शेवटी काकांनी वैतागून त्याच्या हातात दोरी दिली. "धरा. आणि चालवून आणा हिला. उभे राहून माझं डोकं फिरवू नका."

तेव्हापासून मामा घोडी चालवायला लागला. पहाटे कामाला जायच्या आधी अर्धा तास. संध्याकाळी एक तास. रिंगणात वाळूवर, मग कुंपणाच्या कडेने मातीवर, मग पलीकडच्या ओसाड मैदानात, जिथे मधेमधे खडे होते. घोडी जितकी चालेल तितका तळवा जाड होतो. आणि मामाला तर नुसतं चालायला सांगा, तो दुसऱ्या गावापर्यंत जाईल. एका रविवारी मीही गेले बरोबर. पहिल्या तासानंतर मी कठड्यावर बसले. दोघं चालतच होते. मामा दोरीला गाठी मारत आणि सोडत होता, आणि बाईसाहेब कान मागे करून ऐकत होत्या. तो सारखा बोलत होता. "हा दगड बघ. टोकदार आहे. बाजूने घे. शाबास. आता इकडे मऊ आहे, इकडे ये. पाय बघू का? नको. बघत नाही. चल."

"मामा, दमला नाहीस?"

"कशाने?" त्याने खरंच विचारलं.

दारावरच्या रेघा बदलल्या, पण एकदम नाही. आठव्या आठवड्यात दोन तिरक्या. नवव्या आठवड्यात एक, गुरुवारी, का ते कुणाला कळलं नाही, आणि त्या रात्री मामाने मशीनच्या पेटीचं कुलूप हलवून बघितल्याचं मामीने ऐकलं. ती अंधारात एवढंच म्हणाली, "अहो." कुलूप वाजायचं थांबलं. अकराव्या आठवड्यात सगळ्या उभ्या. पण खडीवर तिला अजून कुणी नेलं नव्हतं. मामा म्हणायचा, उद्या नेऊ. काका म्हणायचे, कशाला घाई, घोडामैदान जवळच आहे.

बाराव्या आठवड्याचा शनिवार. मॅडम टोपी घालून रस्त्याच्या टोकाला उभ्या होत्या. मामी आली होती, कापडाची कात्री चुकून हातातच राहिलेली. मामा मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"आधी एक सांगायचंय. पहिले पाच आठवडे वाया गेलेत. माझ्यामुळे. हत्यार लावू नका म्हणालो आणि मीच लावलं. म्हणजे घोडीला बारा नाही, सातच आठवडे मिळालेत."

मॅडमनी टोपी पुढे ओढली. "हे मला आत्ता सांगताय."

"आज नाही चालली तर दोष तिचा नाही, एवढंच."

"दोष कुणाचा हे व्यापारी विचारत नाही," मॅडम म्हणाल्या. "चालवा."

दोरी काकांनी धरली. मामाने धरली असती तर घोडी त्याला टेकून चालली असती, म्हणून. बाईसाहेबांनी खडीच्या काठाशी पाय थांबवले, मान खाली घालून दगड हुंगले. मग पाय टाकला. करकर आवाज झाला. दुसरा. मामा ओठ हलवत पावलं मोजत होता. तीस. चाळीस. चाल सावकाश, पण डोकं स्थिर. साठाव्या पावलाला पुढचा डावा पाय कशावर तरी पडला आणि घोडीचा खांदा एकदम खचला. ती थांबली.

मामा पुढे निघाला. मामीने त्याच्या सदऱ्याची कड पकडली. "उभे राहा."

"तिला..."

"उभे राहा, म्हटलं."

घोडी तीन पायांवर उभी होती. काकांनी दोरी ओढली नाही, सैल सोडली. तिने तो पाय हवेत धरला, जरा डावीकडे नेला, ठेवला. वजन टाकलं. आणि निघाली. फाटकाला वळसा घातला. परत येताना त्याच जागी पोचली तेव्हा तिने मान वाकवली, आणि त्या दगडाला बाजूने वळसा घालून आली, एखाद्या बाईने साडी सावरून चिखल ओलांडावा तशी.

"मधे लंगडली," मॅडम म्हणाल्या.

"खडा टोचला," काका म्हणाले. "तुम्हालाही टोचला असता. लंगडी घोडी दुसऱ्यांदा दगड शोधून टाळत नाही, तिला सगळेच सारखे दुखतात."

मॅडमनी घोडीच्या नाकावर हात ठेवला. बाईसाहेबांनी नाक काढून घेतलं. मॅडम पहिल्यांदाच जराशा हसल्या.

"राहू दे हिला," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून लहान मुलं, फक्त वाळूवर. वर्ष पूर्ण होऊ दे. आणि तुम्ही."

"मी?" मामा.

"हिच्या खणात शिरताना कानस बाहेर."

"ती घरीच असते, मॅडम," मामी म्हणाली. "किल्ली माझ्याकडे आहे."

तबेल्यात काकांनी घोडीला गवत टाकलं, हात पुसले आणि खडू घेतला. दारासमोर ते बराच वेळ विचार करत उभे राहिले. मग रेघ मारली. उभी, पण वरच्या टोकाला किंचित कललेली.

"ही काय?" मामा म्हणाला. "चालली की नीट."

"एकदा टोचलं ना. खोटं कशाला लिहायचं?"

मामा त्या रेघेकडे बघत राहिला. मान एका बाजूला करून बघितलं, दुसऱ्या बाजूला करून बघितलं. मग अंगठा जिभेला लावला आणि कललेलं टोक पुसायला हात पुढे नेला.

"उस्ताद," काका म्हणाले, "हात लावायचा नाही."

मामाने अंगठा विजारीला पुसला. दोरी खुंटीवरून काढली. "मग हिला एक चक्कर मारून आणतो," तो म्हणाला, आणि बाईसाहेब गवत सोडून, नाइलाजाने, त्याच्यामागे निघाल्या.